फोर!

रविवार, दिवेलागणीनंतर

आज पुन्हा चेंडू आला. सड्यावरच्या रिसॉर्टमधून गोल्फचा चेंडू सुटला आणि खाली किनाऱ्यावर, विंडसर्फिंगचं शीड सावरत उभ्या असलेल्या माईंच्या कानाजवळून गेला. शीड टरकन फाटलं. माई साठी ओलांडलेल्या, माझ्याकडे शिकणाऱ्यांत सगळ्यात हौशी. वरून कोणीतरी "फोर!" म्हणून ओरडलंही होतं. पण माई काय करतात? मान वर करून बघत राहिल्या. "अगो, मला वाटलं वरती कोणी चौका मारला!"

तशीच चढण चढून मॅनेजरकडे गेले. लांज्याचाच आहे, वाटलं होतं ऐकेल. म्हणाला, "ताई, आमचे लोक ओरडतात ना? गोल्फमध्ये फोर म्हणजे सांभाळा. ऐकलं की वाकायचं."

"इथे फोर ऐकून कोण वाकतंय? सगळे वर बघतात."

"मग शिकवा त्यांना."

जाळी लावा म्हटलं तर हसला. जाळीतून समुद्र दिसत नाही म्हणे.

आणि मी काय केलं? शिकवलं! सगळ्यांना वाळूत उभं केलं आणि फोर म्हटलं की डोक्यावर हात घेऊन खाली बसायला लावलं. माईसुद्धा बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. मला मेलीला काहीच कसं वाटलं नाही?

घरी येताना मैदानात क्रिकेट चालू होतं. कोणीतरी "फोर!" ओरडलं आणि मी भर रस्त्यात डोक्यावर हात घेऊन खाली बसले.