खालच्या खोलीतला आकडा

६ जून २०१७, अल्बनी
ऑफिसातल्या क्लेअरने तिचं रेडॉनचं मीटर वापरायला दिलं. ती कॅनडाची. तिकडे म्हणे हा किरणोत्सारी वायू जमिनीतून घरात शिरतो. वास नाही, रंग नाही, फुप्फुसं पोखरतो. घर घेतलं की लोक आधी हे मोजतात. निखिल हसला. 'इथे कुठला रेडॉन? कामं कमी पडतात का तुला?' हौस म्हणून लाउंजमध्ये ठेवलं.

१४ जून
लाउंज: हिरवं, म्हणजे धोका नाही. नवरोबा खूश. आता मीटर खाली, बाबांच्या खोलीत. इराही तिथेच झोपते, आजोबांच्या गोष्टीशिवाय तिला झोप नाही. इथे जून म्हणजे हिवाळा, पुण्याहून आलेले बाबा थंडीमुळे खिडकी उघडू देत नाहीत.

२५ जून
लाल. वरच्यापेक्षा कितीतरी पट. वाटलं बिघडलं. वर आणलं तर पुन्हा हिरवं. सहा वर्षांची पोर, बाबा आल्यापासून चार महिने तिथे झोपतेय. तिला वर आणलं तर, 'बट व्हाय? आजोबा विल बी लोनली.'

२८ जून
आकडे दाखवले तर क्लेअरने जमिनीचं विचारलंच नाही. 'खोलीत जुनं काही आहे? घड्याळं वगैरे?'
बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. जुन्या डायलांची पत्र्याची पेटी दुकानात कधीच ठेवली नाही, चोरीच्या भीतीने घरी पलंगाखाली. यंदा वेळ जायला बरी म्हणून इथे घेऊन आले.

६ जुलै
पेटी गराजमध्ये नेली आणि खोली हिरवी. डायलवरच्या आकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग, वायू त्यातूनच निघतो. बाबांना सांगितलं तर चिडले. 'अगं, ती चमकायची कधीच बंद झाली. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं. मला शिकवतेस?' चमक जाते, रेडियम राहतं. इंजिनियर मुलगी, पण हे मलाही परवाच कळलं.

७ जुलै
सरकारी रेडिएशनवाल्यांना फोन. पेटी उघडू नका, आम्ही नेतो म्हणाले. इराचं विचारलं. थोडेच महिने झालेत, फार काळजी नको. हुश्श केलं.
मग भाजी चिरताना आई आठवली. पुण्यात त्याच पलंगावर तीस वर्षं झोपली. तंबाखूला कधी शिवली नाही, आणि गेली फुप्फुसाच्या कॅन्सरने. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी कारण सापडत नाही.
मीही त्याच खोलीत वाढले. ते नंतर बघू.

१२ जुलै
पेटी नेली. बाबांशी आईचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. आज चहा घेताना त्यांनीच, 'तुझी आई... त्या पलंगावर...' 'माहीत नाही, बाबा.' खरंच नाही. पण 'छे, काहीतरीच' म्हणायला हवं होतं. चहा तसाच राहिला दोघांचा.

१६ जुलै
बाबा पुढच्या महिन्यात परत जाणार. आज म्हणाले, 'तुझ्या मैत्रिणीचं ते यंत्र मी पुण्याला नेऊ का? पलंगाजवळ ठेवून बघतो. हिरवं आलं तर माझ्या जिवाला शांती.'
पेटीच नाही, तर तिथे आता हिरवंच येणार. केसाएवढ्या स्प्रिंगमधला दोष शोधणारा माणूस. हे त्यांच्या लक्षात येत नाहीये, की येतंय?
'विचारते क्लेअरला,' म्हटलं. ती लगेच हो म्हणाली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.