वाळवीनं न खाल्लेली चित्रं

मामाजी,

तुमच्या माघारी या सुनेने जपलेले तुमचे कागद मागच्या आठवड्यात मेहकरातून गेले. नागपूरच्या एका संग्रहालयातून मुलगी आली होती. चार दिवस ओसरीवर बसून तिने एकेक कागद मऊ कुंचल्याने झटकला आणि वहीत नोंदवला. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही काढलेली व्यंगचित्रं, संपादकांची पत्रं, शाळेच्या पाठकोऱ्या पानांवरची कच्ची रेखाटणं. तुम्ही चित्रकलेचे मास्तर, सकाळी शाळेत जाण्याआधी एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट द्यायचात आणि दोन दिवसांनी ते चित्र नागपूरच्या पेपरात यायचं, हे मी तिला सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तुमची डायरी चाळताना ती म्हणाली, "आजी, इथं लिहिलंय, न छापलेल्या चित्रांचा गठ्ठा वाळवीने खाल्ला. घरात वाळवी होती का हो?" मी तुमचं अक्षर पाहिलं. पन्नास वर्षं मला वाटत होतं, त्या गठ्ठ्याबद्दल तुम्ही गप्प राहिलात. तुम्ही गप्प राहिला नव्हता, माझ्यासाठी खोटं लिहून ठेवलं होतं. "हाव," मी म्हटलं, "लई होती." तिने नोंद केली आणि पेन बंद करत म्हणाली, "म्हणजे यांनी शत्रूची टिंगल तेवढी केली, असंच लिहावं लागेल. मेलेल्यांबद्दल एक रेघही नाही." ती वाईट बोलली नाही, समोर जे होतं तेच बोलली. पण तेव्हापासून ती चित्रं माझ्या मागे लागली आहेत. पिठाच्या परातीत मला डोळे दिसतात. हात फिरवून ते मोडते, आणि ते पुन्हा येतात.

एकाहत्तरची लढाई चालू आहे, माझ्या लग्नाला वर्ष झालेलं आहे. माझा भाऊ फौजेत आहे. तार येते तेव्हा मी चुलीपुढे बसले आहे. मला एक अक्षर येत नाही, म्हणून पोस्टमन ती तुमच्या हातात देतो. तुम्ही उभ्यानेच वाचता, मग माझ्यासमोर जमिनीवर बसता. सासरा असा सुनेसमोर जमिनीवर बसतो, तेव्हाच भाऊ गेल्याचं मला कळतं. तव्यावरची भाकर जळते आणि ती कोणी उतरवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "अवं, टोपल्या लिंपाच्या हायेत. कपाटातली रद्दी काढ अन् भिजू घाल." आपल्याकडे जुना कागद भिजवून मेथीसोबत कुटतात आणि त्या लगद्याने वेळूच्या टोपल्या लिंपतात. छापून आलेलं तुम्ही वहीत चिकटवून ठेवलं होतं, तेव्हा खालचा दोरी बांधलेला गठ्ठा रद्दीच असणार, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण मी दोरी सोडून पाहिलं होतं. कुबड्यांवर एसटीतून उतरणारा, एक पाय नसलेला जवान. लढाईत गेलेल्या मुलाची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन चाललेला म्हातारा. आणि मग मी. चुलीपुढे, मांडीवर तार, तोंड उघडलेलं आणि आवाज न निघालेला. ते तोंड मी कोणाला दाखवलं नव्हतं. तुम्ही समोर बसला होता, म्हणून तुम्हाला दिसलं.

मी पहिल्यांदा तेच पाण्यात बुडवलं. शाई सुटली, चेहरा पांगला, डोळे मात्र बराच वेळ राहिले. मग बाकीची बुडवली.

"येवढा जोर लावून काय कुटून राह्यली वं?" सासूबाई हसल्या. "उखळ फोडतं का आता?"

तुम्ही शाळेतून आलात. काळं पाणी पाहिलं, खाली पडलेली दोरी उचलून बोटाला गुंडाळली. "मेथी जरा जास्त टाकजो," एवढंच म्हणालात, "नाही त टोपली तडकते."

त्या पावसाळ्यात मी वाचायला शिकले. शिकवलं कोणी नाही. तुमच्या छापलेल्या चित्रांखालच्या ओळींवर बोट ठेवून, चित्रावरून शब्द ओळखत. यापुढे माझी तार मीच वाचणार होते. पेपर आला की तुम्ही तो चुलीजवळ ठेवून निघून जायचात. तुमचा मुलगा जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांनाही मी यातलं काही सांगितलं नाही.

काल त्या मुलीला फोन केला. "बाई, वाळवी नव्हती. म्या कुटली थे चित्रं, टोपल्यांसाठी. चुकून."

तिने वही उघडल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "काय होतं आजी त्यांत?"

मी जवान सांगितला, त्याच्या कुबड्या सांगितल्या, म्हातारा सांगितला, त्याच्या डोक्यावरच्या पेटीला केवढं कुलूप होतं तेही सांगितलं. ती लिहीत होती. "अजून काही?" "नाही, बस येवढेच." आता वहीत ती ओळ बदलेल. तुम्ही मेलेल्यांसाठीही हात चालवलात, हे लोकांना कळेल. "आठवतं तसं लिहून पाठवा आजी, त्यांच्या कागदांसोबत ठेवू," असंही ती म्हणाली.

लिहिलं, पण हे मी पाठवणार नाही. "चुकून" हा शब्द तिच्याजवळ राहू द्या. माझं चित्र मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, मामाजी, ते हुबेहूब आलं होतं. थोडं खोटं आलं असतं, तर मी राहू दिलं असतं.