इशबेलची पहिली चिठ्ठी

२८ मे
उजवा डोळा लाल. गवत फुललं की दर वर्षी होतोच. नात इशबेलच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिनं यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, डोळा पाहिला, दुखण्याचं नाव सांगितलं, थेंबांचंही सांगितलं. मग म्हणते, "पण आजी, औषधाची चिठ्ठी मला लिहिता येत नाही. कायदाच आहे. औषधं लिहून देण्याच्या माझ्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत डॉक्टरकडेच जायचं." आणि आमच्या बेटावरचा डॉक्टर तर केव्हाच निवृत्त होऊन गेला.

२९ मे
बोटीनं दोन तास. बोटीवरच्या चहाबद्दल लिहीत नाही, पाप लागेल. पलीकडच्या डॉक्टर गिलेस्पींनी डोळ्यात पाहिलं, हं हं केलं नि फोन लावला. कुणाला? इशबेलला! "कुठले थेंब लिहू, पोरी?" ती सांगत गेली, डॉक्टर लिहीत गेले.

९ जून
डोळा बरा. शेजारची डोलिना म्हणाली, "चष्मेवाली ती चष्मेवालीच राहणार." मी तिच्या कोंबड्यांना कधी काही बोलले का?

१६ जून
इशबेल पास! आता ती चिठ्ठी लिहिणार. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून मासे साफ करायला लागले. आमच्यात सही करून औषध देणारी हीच पहिली. पहिली चिठ्ठी माझ्या नावाची, असं अख्ख्या बंदरावर सांगून आले. डोलिनाला दोनदा. तिला कमी ऐकू येतं.

२० जून
रोज उठून आधी आरसा. दोन्ही डोळे पांढरेशुभ्र. ऐन वेळी दगा देतात मेले. संध्याकाळी गवतातून दोन फेऱ्या मारल्या.

२६ जून
लाल झाला! धावत दुकानात. इशबेल कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, घरच्या माणसाला चिठ्ठी लिहून द्यायची नसते. नियम आहे."
"मग मी नाव बदलते."
"नाक तर माझंच आहे ना तुला?"
उद्या पुन्हा बोट. पुन्हा तो चहा. डोलिनाला काय तोंड दाखवू?

२७ जून
धक्क्यावर उभी होते, तर बोटीतून डॉक्टर गिलेस्पीच उतरले. डोळा माझ्याहून लाल. "स्वतःची चिठ्ठी स्वतः लिहायची नसते, एफीबाई. तुमच्या नातीकडेच निघालोय." मीही मागे फिरले.
इशबेलची पहिली चिठ्ठी डॉक्टरांना. माझी डॉक्टरांनी लिहिली, तिच्याच टेबलावर, तिच्याच पेननं.
थेंब कुठले, ते पुन्हा तिलाच विचारून.