नॉर्वेची बाई आणि सुप्रियाची आखणी

बुधवार, दिवेलागण

गणपतीच्या कारखान्यातून आले तर सून सुप्रिया मोबाइलवर नॉर्वेची एक बाई बघत बसलेली. पायांना लांब पट्ट्या बांधून, काठ्या मारत ती बर्फावर कोसच्या कोस पळते. रेघ ओलांडली की आडवी पडते, नाकाखाली शेंबूड गोठलेला. जगात पहिली आली तरी पुसत नाय.

"आई, हिला पोर झालं, तरी परत आली नि जिंकली."

"पोर कोण बघतं, ते दाखवतात का गो?"

"नवरा."

तिचा नवरा, आमचा महेश, दारात चहा पीत होता. तो कपात बघायला लागला.

बाळंतपणाआधी गणपतीचे डोळे सुप्रियाच आखायची. आता मी. कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे एकाच माणसाने आखायचे, अशी मालकाची रीत, त्यामुळे काम वाटून घेता येत नाय. पोर लहान हाय म्हणून मीच तिला अडवते. खरं लिहायचं तर पोर हे निमित्त. ती आली की मला परत मूर्तींच्या सोवळ्याला पिवळा रंग मारत बसावं लागेल. आज माझे दोन गणपती तिरळे झाले. मालकाने पाहिलं नि उचलून बाजूला ठेवले.

नॉर्वेच्या त्या बाईच्या पुढे शेवटी तरण्या पोरी जायला लागल्या, मग तिनेच पळणं सोडलं म्हणे. रडली का? सुप्रियाला माहीत नाय. तो गोठलेला शेंबूड डोळ्यांपुढून जात नाय.

महेशला सांगितलं, "तुझी दुपारची शिफ्ट. सकाळी पोर तू बघायचं, ही डोळे आखायला जाईल."

"मी?"

"मग काय नॉर्वेवाला येणार?"

सुप्रियाने ऐकलं, आणि लगेच ब्रश काढून धुवायला बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय.