तीन खुणा

३ मार्च

सायबर सुरक्षेच्या प्रदर्शनात फिरून पायांचे तुकडे पडले! दोनशे स्टॉल आणि प्रत्येक पाटीवर ‘एआय’. गेल्या वर्षी ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’, त्याआधी सगळं ‘क्लाउड’. डबा तोच, लेबल नवं. आधी भीती विकायची, मग तीन वर्षांच्या करारावर सही घ्यायची. तेरा वर्षं या धंद्यावर सदर लिहितेय, आणि सगळ्यात जास्त वाचला गेला कुठला लेख? ‘खोटी मेल ओळखण्याच्या तीन खुणा’! ताईने तर तो ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलाय.

६ मार्च

खवटचा फोन. यंत्रांतली भोकं शोधणं हा त्याचा धंदा. तोंडाने खवट, मनाने सरळ. सगळ्यात जास्त खपणारी सुरक्षेची पेटी, ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची राखणदार — पासवर्डशिवाय उघडते! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्याने कंपनीला कळवलंय. रीत अशी, की दुरुस्ती येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, नाहीतर चोरांनाही पत्ता लागतो. मुदत २८ तारखेपर्यंत. मी शब्द दिला. बदल्यात बातमी पहिली माझी. खरं सांगायचं तर खूश होते.

९ मार्च

कंपनीच्या साहेबांशी बोलले. “मॅडम, दुरुस्ती तयारच आहे, फक्त तपासणी चाललीय.” कसली तपासणी! बाजारात कुजबुज आहे, कंपनी २७ ला विकली जातेय. त्याआधी ही गोष्ट चव्हाट्यावर यायला नको. हल्ली पेटी गिऱ्हाइकासाठी बनतच नाही, कंपनी विकत घेणाऱ्यासाठी बनते.

११ मार्च

ताईकडे जेवायला. हॉस्पिटलातला केसपेपर विभाग तिच्याकडे आहे. भावोजींना कौतुकाने सांगत होती, “आता काळजी नाही. नवी पेटी बसवलीय.” कुठली, विचारलं. तीच! हातातला घास ताटात ठेवला.

“काय गं, जेवत का नाहीस?”

“पोट बिघडलंय.”

सख्ख्या बहिणीशी खोटं बोलले.

१४ मार्च

खवट म्हणतो, कुठल्याशा दवाखान्यातली पेटी कुणीतरी फोडलीय, पण खात्री नाही. “मग थांबायचं कशाला?” म्हटलं. “खात्री करू दे. तू आत्ता फुटलीस तर यापुढे आपल्याला कुणी काही सांगणार नाही.” त्याचंही खरं आहे. आणि माझ्या डोळ्यांपुढे ताईचं टेबल.

१५ मार्च

नवा मेल पत्ता उघडला, बिननावाचा. ताईला चार ओळी पाठवल्या — पेटी आजच्या आज इंटरनेटपासून तोडा, नाहीतर सगळं हॉस्पिटल ठप्प होईल. शब्दही राखला, बहीणही राखली. दोन्ही डगरींवर हात! फोन उचलून “ताई, ऐक” म्हणायला काय झालं होतं? भित्री आहे मी.

१६ मार्च

उत्तर नाही.

१७ मार्च

ताईला सहज म्हणून फोन केला. “ऑफिसात काय नवीन?”

“काही नाही गं. हो, काल साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली मला! भेटलीस की सांगते.”

पेटीचं विचारायला जीभ रेटली नाही. खवटला उद्या खात्री होईल म्हणे. एक दिवस थांबते.

१९ मार्च

हॉस्पिटल बंद पडलं. चोरांनी आत शिरून सगळं कुलूपबंद केलंय, सकाळपासून एकही कॉम्प्युटर उघडत नाही. ऑपरेशनं पुढे ढकलली. पेशंटला कुठलं औषध चालत नाही, ते सगळं आत अडकलंय. ताई उभ्याने हाताने केसपेपर लिहितेय. खवटचा मेसेज आला — “खात्री झाली. लिही आता.” एक ओळ सुचली नाही.

२० मार्च

ताईचा फोन. घसा पार बसलाय. “मी तर इतकी जपत होते गं! त्या दिवशी ती खोटी मेल आली ना — घाई, धमकी, खाली नाव नाही. तुझ्या तिन्ही खुणा! लगेच ओळखली, काढून टाकली. शाबासकी त्याचीच. मग हे लोक आत आले कुठून?”

येते, म्हटलं. चप्पल घातलीय. फोनवर सांगण्यासारखं नाही.