सावळधरा येथील बेवारस वायुविहीर ताब्यात घेतल्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
भूगर्भ वायू शोध समन्वय कक्ष,
वर्धा.

अर्जदार : श्रीमती आनंदाबाई रूपराव झाडे, निवृत्त अंगणवाडी सेविका, मौजा सावळधरा, ता. सेलू, जि. वर्धा.

विषय : अर्जदाराच्या वावरातील मालक नसलेली वायुविहीर अर्जदाराने आजपासून ताब्यात घेतल्याबाबत व ती बुजवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. २) त्यांना मिळालेली आपल्या कक्षाची उत्तरे. सर्व उत्तरांतील मजकूर एकच असल्याने जावक क्रमांक वेगवेगळे लिहिलेले नाहीत.

महोदय,

अर्जदार आपल्या कक्षास नवीन नाही. तिच्या चहात साखर किती लागते हे आपल्या शिपायास पाठ झाले आहे. परंतु आपण या खुर्चीवर नुकतेच रुजू झाल्याचे कळते, सबब हकिकत मुळापासून सांगणे भाग आहे. अर्जदाराची हयात अंगणवाडीचे अहवाल लिहिण्यात गेली असल्याने ती शक्य तितके मुद्देसूद लिहीत आहे. मध्येच सूर चढला तर तो कागदाचा दोष समजू नये, अर्जदाराचाच समजावा.

१. बोरगाव मेघे येथील महादेवराव हे गावोगावी पाण्याचे बोअर मारून देणारे गृहस्थ होते. एक जुना रिगचा ट्रक घेऊन त्यांनी 'धामतीर ड्रिलिंग कंपनी' काढली आणि पुढे जमिनीखालचा वायू शोधण्याचे काम मिळवले. अर्जदाराचे पती रूपराव हयात असताना महादेवराव घरी आले, झुणका-भाकर जेवले आणि म्हणाले, "वहिनी, भोक पाडतो, वायू पाहतो, झाकण लावून निघून जातो. तुमच्या पऱ्हाटीले धक्का लागणार नाई." माणूस शब्दाचा पक्का होता. पण काम अर्ध्यावर असताना ते वारले आणि त्यांच्या मुलांनी कंपनी नागपूरच्या 'मेघसागर एनर्जी'ला विकली. मेघसागरने खोदकाम पुरे केले. वायू लागला, मात्र धंदा होण्याइतका नाही, असे सांगून तिने विहिरीच्या तोंडावर कमरेइतका उंच पाइप व झडप बसवली आणि गाशा गुंडाळला.

२. पुढे मेघसागरला मुंबईच्या 'ऑर्विटेक होल्डिंग्ज'ने ताब्यात घेतले. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, फलक बदलायला प्रत्येक कंपनीने न चुकता माणूस पाठवला. झडप पाहायला कोणी आले नाही. नंतर ऑर्विटेकने मेघसागरचे दोन भाग केले. कामाचे ते स्वतःकडे ठेवले, नकोसे ते जुन्या नावावर टाकले आणि ते जुने नावच बंद करून टाकले. या वाटणीत पाइप व झडप यंत्रसामग्री म्हणून ऑर्विटेककडे गेली आणि पाइपाखालचे भोक मेघसागरकडे राहिले. मेघसागर तर आता पृथ्वीतलावर नाही. ऑर्विटेकचे म्हणणे असे, की पाइप आमचा आहे, त्यास हात लावल्यास गुन्हा दाखल करू; भोक मात्र आमचे नाही. यावर अर्जदाराने फोन करून, तुमचा पाइप मग उभा कशात आहे, असे विचारले. तिला फोन धरून ठेवण्यास सांगण्यात आले. अर्जदाराने तो कपाशीचे एक तास, म्हणजे अख्खी ओळ, वेचून होईपर्यंत धरला.

३. मेघसागरच्या माणसांनी जाताना, पाइप गंजू नये म्हणून, त्याला नारिंगी रंगाचा हात दिला होता. रिगवरचे मजूर दक्षिणेकडचे. काम आटोपले की विहिरीच्या तोंडाशी नारळ फोडायचा, लिंबू कापायचे आणि हळद वाहायची, हा त्यांचा रिवाज. तो त्यांनी पाळला आणि ते गेले. दुसरा दिवस शनिवार होता. शेजारच्या वावरातील सुलोचनाबाई सकाळी आल्या. त्यांना दिसला तो ताजा शेंदरी रंग, फुटलेला नारळ आणि दोन्ही बाजूंना खांद्यांसारखे निघालेले झडपेचे दांडे. त्या धावत घरी येऊन म्हणाल्या, "आनंदा, मारोती निघाला वं तुह्या वावरात." दुपारपर्यंत तेल आले आणि पुढच्या शनिवारी रुईच्या पानांच्या माळा आल्या. अर्जदाराने लोकांना रंगाचा रिकामा डबा आणून दाखवला. लोकांनी तो डबाही धुऊनपुसून पूजेत ठेवला.

४. अर्जदार स्वतः शनिवार करते, हे येथे मुद्दाम नोंदवीत आहे. देवाशी तिचे भांडण नाही. परंतु यंदा झडप फुसफुसू लागली. लोक म्हणाले, देव श्वास घेऊन राह्यला. अर्जदाराने त्याच दिवशी आपल्या कक्षास अर्ज केला होता. त्यानंतरच्या एका शनिवारी अर्जदाराची सून मोहिनी सर्वांबरोबर ओवाळायला उभी होती. निरांजन वर नेताच झडपेतून भपकन ज्योत उठली. मोहिनीचा पदर पेटला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. साहेब, त्या वेळी जमलेल्या माणसांनी हात जोडले ते ज्योतीला. मोहिनी जमिनीवर लोळत होती आणि लोक जयजयकार करीत होते. अर्जदाराने आधी सुनेला विझवले. मग ओले गोणपाट टाकून ज्योत विझवली आणि झडप हातापायाचा जोर लावून आवळली. त्यावर, "बाईनं देव विझवला," असा बोभाटा गावभर झाला. अर्जदारास त्या दिवशी आला तसा राग जन्मात आला नव्हता आणि तो अजून उतरलेला नाही.

५. या घटनेनंतर अर्जदाराने पुन्हा अर्ज केला. 'विद्यमान मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र जोडलेले नाही,' असे आपल्या कक्षाने कळवले. विद्यमान मालक कोण, असे विचारले असता ते अर्जदाराने शोधावे, असे उत्तर आले. अखेर आपले पूर्वाधिकारी पाहणीस आले. त्यांनी बांधावर बूट काढले, पाइपाला नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि सदर ठिकाण धार्मिक असल्याने कक्षाच्या अखत्यारीबाहेर आहे, असा अहवाल दिला. देवस्थानांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात अर्जदार गेली, तर तेथे सदर ठिकाण वायुविहीर असल्याने आपल्या कक्षाकडे जावे, असे सांगण्यात आले. दोन्ही कार्यालये एकाच रस्त्यावर आहेत, एवढीच काय ती सोय.

६. येत्या २ एप्रिलला हनुमान जयंती आहे. त्या दिवशी पाइपाभोवती दीपोत्सव व भंडारा ठरला होता. अर्जदाराने ग्रामसभेत उभे राहून विरोध केला, तेव्हा तिला खाली बसवण्यात आले. मग बंडूजी उठले. हे महादेवरावांच्या रिगवर कामाला होते व कंपनी विकली गेल्यावरही तो पाइप बसेपर्यंत राहिले होते. ते म्हणाले, "थो पाइप म्या गाडला. म्या गाडलेल्या देवाच्या दर्शनाले मलेच लाइनीत काऊन उभं करता?" लोक हसले आणि हसल्यावर जरा ऐकू लागले. मोहिनीने हातावरची पट्टी सोडली. सुलोचनाबाईंनी तो हात पाहिला आणि त्या रडल्या. म्हणाल्या, "देव आमी सडकेच्या कडेले नेतो. भोकाचं तू पाह्यजो, आनंदा." अर्जदाराने वावराचा सडकेलगतचा कोपरा मारोतीच्या मूर्तीसाठी त्याच सभेत दिला; दीपोत्सव व भंडारा आता तिथे होईल. जे आपल्या कक्षास व तीन कंपन्यांस जमले नाही, ते सावळधऱ्याने एका बैठकीत मिटवले.

७. आता भोकाचे. ते धामतीरचे नाही, मेघसागरचे नाही, ऑर्विटेकचे नाही, देवाचेही राहिले नाही. वावर मात्र अर्जदाराचे आहे. सबब अर्जदार सदर भोक आजपासून ताब्यात घेत आहे. कंपन्यांनी एकमेकींना ताब्यात घेताना अर्जदारास विचारले नव्हते, म्हणून तीही परवानगी मागत नाही, फक्त कळवीत आहे. आपणास लागणारे ना हरकत प्रमाणपत्र विद्यमान मालक या नात्याने अर्जदाराने स्वतःच्या सहीने दिले असून ते सोबत जोडले आहे.

८. सोमवार, दि. ३० मार्च रोजी सकाळी बंडूजी व त्यांच्या ओळखीचे बोअर बुजवणारे कारागीर सदर विहीर सिमेंटने कायमची बंद करतील. पऱ्हाटी उपटून झाली आहे, गाडी थेट आत येते. ऑर्विटेकचा पाइप कापून त्यांच्याच फलकाखाली ठेवण्यात येईल. त्यांनी तो न्यावा. शेतात येऊन काम थांबवण्याचा कोणालाही पूर्ण अधिकार आहे, फक्त त्याने विहीर आपली असल्याचा पुरावा आणावा. जो हरकत घेईल त्यास अर्जदार विहिरीचा मालक समजेल, मग ती ऑर्विटेक असो वा आपला कक्ष. त्या मालकासाठी वावरात खाट टाकून ठेवलेली आहे. समोर मोहिनी बसेल. तिचा उजवा हात असा का झाला, ते त्याने तिला सांगावे आणि मग काम थांबवावे.

कळावे. कृपा मागण्याचे आता काही उरलेले नाही.

आपली, नम्र परंतु वावरातून न हटणारी,

(सही)
आनंदाबाई रूपराव झाडे
मौजा सावळधरा, ता. सेलू, जि. वर्धा
दिनांक : १२ मार्च २०२६

सोबत :
१) सातबारा उतारा.
२) विद्यमान मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र.
३) मोहिनीच्या उपचाराची कागदपत्रे.

प्रत माहितीसाठी : ऑर्विटेक होल्डिंग्ज, मुंबई. सेलूहून सावळधऱ्याला सकाळी एकच एसटी आहे, ती चुकवू नये.