जोडीनं टांगलेले बोंबील

३ जानेवारी, सिंगापूर
पल्लवीनं आज तिकीट दाखवलं. बोटीची तीन दिवसांची सहल, आईसाठी सरप्राइज म्हणे. बोट केवढी, तर आपला रेवदंड्याचा अख्खा कोळीवाडा वर चढेल आणि तरी भांडायला जागा उरेल, असं जावई म्हणतात. हसले मी. मग खाली वाचलं, मधे एक दिवस पेनांग. चहा हातातच गार झाला.
लेकीला ठाऊक नाही. मामा बोटीवर खलाशी होता, परत आला नाही, एवढंच तिला माहीत. बंदराचं नाव कंपनीच्या पत्रात होतं आणि ते पत्र माझ्या ट्रंकेत. खलाशी पेनांगला उतरला, बोट सुटेपर्यंत परतला नाही. एवढीच ओळ. चौदा वर्षं झाली.
नको म्हणायला तोंड उघडलं आणि बरं म्हणाले.

४ जानेवारी
भावाचं नाव मी लिहीत नाही. व. लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्याचा विधी केला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग करतात. दर्भाचा पुतळा केला, त्याला व.चा निळा शर्ट घातला, अग्नी दिला. मागे मी लागले होते. व. माझ्या स्वप्नात यायचा. पडवीत ओलाचिंब उभा. आत ये म्हटलं तर यायचा नाही. गुरुजी म्हणाले, अडकलाय, मोकळा करा.
मोकळा केला. त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या, सुलभाच्या, बांगड्या उतरवल्या. माझ्या या हातांनी. बारा वर्षं ती रोज कुंकू लावत होती. "थांबा ना थोडं, वन्सं," एवढंच म्हणाली. मला झोप लागावी म्हणून तिचं कुंकू गेलं. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, पण खरं ते हेच.
तेव्हापासून स्वप्न नाही. तेव्हापासून त्याचं नावही तोंडातून काढलेलं नाही. अग्नी दिलेल्याला नाव घेऊन हाक मारायची नसते, मागं येतो.

५ जानेवारी, बोटीवर
सात तऱ्हेचे पाव, आणि मासा असा की बर्फात पडून पडून दोनदा मेलेला. समुद्र सपाट. एवढी मोठी बोट, हलत म्हणून नाही, त्यामुळे मला झोप नाही. व. याच पाण्यावरून गेला असेल.
प. विचारते, एवढी गप्प का? म्हटलं, दाढ दुखतेय.

६ जानेवारी, पेनांग
सकाळी नऊला उतरलो. साडेचारच्या आत परत, नाहीतर बोट कुणासाठी थांबत नाही, हे तीनदा सांगितलं. मला कशाला सांगता, मेल्यांनो.
जुनी घरं, खाली दुकानं, वर लाकडी झडपांच्या खिडक्या. देवळात मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या. एका गल्लीत तमिळ गाणी, मोगऱ्याचे गजरे, जरा जिवात जीव आला. प. आणि जावई भिंतीवरच्या चित्रांपुढे फोटो काढत होते. मी बघत होते माणसांच्या पाठी. व. आता पन्नाशीला आला असेल. टक्कल पडलं असेल का? बाबांना पडलं होतं. एका हातगाडीवाल्याच्या मागे बरीच चालत गेले, खांदे तसेच होते. वळला तर चिनी. हसला आणि भज्यासारखं काहीतरी हातावर ठेवलं. खाल्लं. गरम होतं.
प.ला म्हटलं, पाय दुखतात, मी पाण्याकाठी बसते, तुम्ही फिरून या. बसले कुठे! खाडीच्या चिखलाचा वास आला तिकडे निघाले. पाण्यात खांब रोवून वर लाकडी घरं, मधून फळ्यांची वाट. पुढची दुकानं संपली तशी जाळी आली, होड्या आल्या. आणि शेवटून दुसऱ्या घरापुढे दोरीवर बोंबील.
बोंबील तिकडेही मिळत असतील, मिळोत बापडे. पण टांगले कसे होते! जबड्यात जबडा अडकवून, जोडी करून, दोरीच्या एक अलीकडे एक पलीकडे. असे आम्ही वाळवतो. त्या वाटेवर बाकी सगळी मासळी सुपात पसरलेली, जाळीवर पसरलेली. ही एकच दोरी अशी.
जवळ गेले.
एक म्हातारी चिनी बाई कोलंबी सोलत बसली होती. जोडीला हात लावून मराठीतच विचारलं, आज्जी, हे कोणी टांगले गो? तिनं शेवटच्या घराकडे बोट केलं.
दार उघडं. पडदा. बाहेर पुरुषाच्या चपला, एकीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. दारापर्यंत गेले. आत कुणीतरी खोकलं.
खोकला काय, सगळ्यांचा सारखाच. एक हाक मारायची होती. नाव जिभेवर आलं आणि जळणारा निळा शर्ट डोळ्यापुढे उभा. मेला असेल तर मागं येईल, ही एक भीती. पण ती खोटी. खरी भीती ही की जिवंत असला तर मी सुलभाचं काय करून बसले?
परत फिरले. साडेतीन झाले होते. प.चा फोन, आई, आहेस कुठे, बोट जाईल! म्हातारीनं एक जोडी काढली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. तिला काय कळलं, देव जाणे.

७ जानेवारी
केबिनमध्ये प. नाक मुरडून, "आई, कसला वास येतोय?" म्हटलं, तुझ्या आईचा. कोळीण आहे, विसरलीस का? हसली पोर.
जोडी माझ्या साडीच्या घडीत आहे. मी अशी कशी? दारापर्यंत जाऊन परत फिरले. सख्खी बहीण.

१२ जानेवारी, रेवदंडा
काल पोचले. मांडव्याच्या लाँचमध्ये शेजारची बाई माझ्या पिशवीकडे बघून उठून गेली. घरी ह्यांनी विचारलं, कशी झाली सहल? छान झाली.
सुलभाचं घर आमच्या मागल्या दाराला लागून. दोनदा डोकावून गेली. मी झोपेचं सोंग घेतलं, आणि त्यातच झोप लागली. स्वप्न आलं. दोन वर्षांनी. व. ओला नाही आता. कोरडा ठणठणीत, पाठमोरा, आणि खोकतो.

१६ जानेवारी
आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सु.ला कुणी बोलावत नाही, मीही नाही. ती मागं बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मी इकडे कपाळाकपाळाला बोट टेकवतेय. चौथ्या की पाचव्या बाईशी थांबले. ताट सूनबाईकडे दिलं, मागं गेले आणि कागदाची पुडी सु.पुढे सोडली.
तिनं जोडी उलटीपालटी केली. "हे आपले न्हायत," म्हणाली. "टांगलेत मात्र आपल्यासारखे."
सगळं सांगितलं. चपला, पडदा, खोकला. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तिनं एकच विचारलं, "दार उघडं व्हतं, मग हाक का न्हाय मारलीत?"
म्हटलं, अग्नी दिलेल्याला नावानं...
"संसार केला तवर मी त्यांचं नाव न्हाय घेतलं कधी. आता दोन वर्सं रोज घेते, वन्सं. हितं, वलांडीखाली. येऊ देत ना मागं! कुठं येतात?"
आत बायका उखाणे घेत होत्या.

१९ जानेवारी
सु. रागावलेली नाही. रागावली असती तर मी पाय तरी धरले असते. ती जोडी तिनं वलांडीच्या टोकाला एकटीच टांगलीय. बाकी मासळी उतरवली, ती नाही.
प.ला फोनवर सगळं सांगून टाकलं. रडली, भांडली माझ्याशी. मग म्हणाली, मामीला घेऊन ये, मी येते तुमच्याबरोबर त्या दारापर्यंत.
आणि आत दुसराच कुणी निघाला तर? कुणा गाववाल्याकडून शिकला असेल, किंवा त्या लोकांचीही रीत असेल. सु.ला हे म्हटलं. "आसंल," म्हणाली.

२२ जानेवारी
पासपोर्टसाठी फोटो काढायला अलिबागला जायचं ठरलंय. दहाची एस.टी. सु. नवाच्या आधीच तयार होऊन आली, ठेवणीतलं पातळ नेसून. दारातच थांबली. कपाळाला हात लावला आणि विचारलं, "वन्सं, फोटोत लावू का नको?"
कुंकवाचा करंडा माझ्या आरशाखाली आहे, तिला दिसतोय. दोन वर्षांपूर्वी मी तिला विचारलं नव्हतं. आज ती मला विचारतेय.
साडेनऊ वाजून गेले. ती दारात उभी आहे. मी इथे वहीत तोंड घालून बसलेय.